तिसऱ्या कृतीपर्यंत

"तिसरं गाणं संपलं की कॅमेरा इथं आणून द्यायचा, सर," दारातली मुलगी कानडीत म्हणाली, आणि सूर्यकांतनं काही बोलायच्या आत तिनं त्याच्या मनगटाभोवती केशरी कागदाचा पट्टा गुंडाळून चिकटवलाही. लग्नघरात अत्तर लावून घ्यायला करावा तसा त्यानं हात पुढं केला होता, आणि आता तो मागं घेता येत नव्हता. एकतीस वर्षं तो बसवनगुडीतल्या या सभेच्या रामनवमी उत्सवात याच दारानं आत जात आला होता. चपला डावीकडं, पाण्याचं पिंप उजवीकडं, आणि आत शिरताना खांद्यावरची पिशवी पोटाशी धरायची, म्हणजे बायकांना लागत नाही. तुम्ही कोण म्हणून कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? फोटोचे सूर्यकांत. सभेच्या भिंतीवर जितके गवई टांगलेले होते, त्यातले निम्मे त्यानंच टांगलेले. आणि ही पोर, गळ्यातल्या कार्डावर पवित्रा असं नाव, जेमतेम विशीतली, त्याच्याकडं न बघताच पुढच्या माणसाच्या फोनच्या भिंगावर गोल लाल टिकली चिकटवत होती. "तिसरं गाणं म्हणजे वर्णम धरून का सोडून?" त्यानं विचारलं. तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "म्हणजे?" "म्हणजे सुरुवातीला जे म्हणतात, ते गाण्यात धरायचं का नाही?" ती शेजारच्या मुलीकडं बघून हसली. "त्यांनी तोंड उघडलं की पहिलं गाणं, सर." अय्यो रामा! झालं मग. वर्णम धरून तीन.

कावेरीअम्मांचा फोटो काढायला तीन गाणी कशाला, अर्धं पुरतं. बाई गायला बसल्या की पहिल्या पाच मिनिटांत एकदा डोळे मिटून उजवा हात कानाजवळ नेणार, एकदा व्हायोलिनवाल्याकडं बघून हसणार, दोन फोटो झाले, हात धुवून मोकळं. पण आज त्याला गवईणबाई नकोच होत्या. त्याला अण्णा हवा होता. त्याचा थोरला भाऊ, चंद्रकांत, कावेरीअम्मांच्या मागं घटम घेऊन बसणारा. घटम म्हणजे मडकंच, साधं मातीचं, तोंड पोटाला लावून दोन्ही हातांनी वाजवायचं. चाळीस वर्षं अण्णा ते मडकं मांडीवर घेऊन दुसऱ्यांच्या मागं बसला होता, आणि आज शेवटचं बसणार होता. गेल्या दसऱ्यापासून त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरांनी रोगाला लांबलचक नाव दिलं, गोळ्या दिल्या, हळूहळू वाढेल म्हणून सांगितलं. नावाची काही गरज नव्हती. कॉफीच्या वाटीत पेला वाजायला लागला तेव्हाच घरातल्या सगळ्यांना कळलं होतं. अण्णानं कावेरीअम्मांना फोन करून सांगून टाकलं, रामनवमीचं हे एक वाजवतो, मग पुरे. आणि त्यानंतर आठ दिवसांनी सगुणावैनी डोसा वाढता वाढता म्हणाल्या, "भावजी, तुम्ही जगाचे फोटो काढलेत, पण आमच्या घरात यांचा वाजवतानाचा एकसुद्धा नाही हो." तो हसला होता. नसायला काय झालं, ढिगानं असतील, उद्या आणून देतो, असं तोंडभर सांगून आला होता.

चार दिवस तो शोधत बसला. आधी कॉम्प्युटरवरचे, मग डबड्यांतल्या निगेटिव्हच्या पट्ट्या, खिडकीत उजेडाला धरून एकेक. अण्णा मडकं पिशवीतून काढताना. अण्णा शाल पांघरून सत्काराच्या रांगेत, अगदी कडेला, अर्धा. अण्णा हात मांडीवर ठेवून बसलेला. असे तर शेकड्यानं. आणि मग अण्णाचं कोपर, कावेरीअम्मांच्या खांद्यामागून डोकावणारं. वाजवतानाचा एकही नाही. एकतीस वर्षांत एक नाही! सूर्यकांत खिडकीतून उठला तेव्हा त्याला वाटलं, आपल्याला हे आधीपासून माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं म्हणून बरं चाललं होतं, इतकंच.

तसं कारण सांगायला सोपं होतं. कच्चेरीत, म्हणजे या गाण्याच्या मैफिलीत, घटमवाला पहिली दोनतीन गाणी वाजवतच नाही. मृदंगमवाला पुढं असतो, त्याचा मान आधी. तो मागं वळून मान हलवेल तेव्हाच मडक्यावर बोट पडायचं. तोवर हात मांडीत. आणि पुढं घटमची खरी वेळ येते ती तनि आवर्तनमला, मुख्य गाणं संपलं की, जेव्हा गाणारी बाई गप्प बसून नुसता ताल देते आणि मृदंगम आणि घटम आळीपाळीनं वाजवतात. आणि तनि सुरू झालं की अर्धी सभा काय करते? कॉफीला उठते. म्हातारे लघवीला, बायका घरी फोन करायला, सेक्रेटरी पाहुण्यांना घेऊन कँटीनकडं. आणि त्यांच्यामागून फोटोचे सूर्यकांत, पाहुण्यांचे कॉफी पितानाचे फोटो काढायला. रोलच्या दिवसांत छत्तीस फोटो असायचे; वीस बाईंचे, सहा व्हायोलिनचे, चार मृदंगमचे, सहा सत्काराचे. अण्णा त्यात बसायचाच नाही. अण्णा काय, घरचाच. उद्या काढू. कँटीनच्या पत्र्याखाली कॉफी फुंकत असताना आतून त्याच्या बोटांचा आवाज येत असायचा, टणटणीत, आणि सूर्यकांत शेजारच्याला सांगायचा, "ते आमचे अण्णा." वर मोठ्या तोंडानं सांगायचा! लाज वाटली त्याला आता. तेव्हा वाटली असती तर काही उपयोग होता.

दारातून आत येऊन तो तसाच सेक्रेटरी रघुपतींकडं गेला. रघुपती माइकच्या वायरी ओलांडत इकडून तिकडं धावत होते, धोतराचा सोगा एका हातात धरून. "सूर्यकांत, तुम्ही पण ना, मला विचारू नका," ते त्याचं तोंड बघूनच म्हणाले. यंदा एका रेकॉर्डच्या कंपनीनं सगळा उत्सव अंगावर घेतला होता. आवाज त्यांचा, माइक त्यांचे, खुर्च्यासुद्धा त्यांच्या. कव्हरवर छापायचे फोटो त्यांनी बाईंचे स्टुडिओत आधीच काढून घेतलेले. मैफिलीत कॅमेरा पहिल्या तीन गाण्यांपुरता, मग नाही, आणि ठरल्या जागेवरूनच. "अहो पण माझा कॅमेरा आवाज करत नाही. बघा तरी." त्यानं त्यांच्या कानाजवळ कॅमेरा धरून दोनदा बटण दाबलं. रघुपतींनी कान लावून ऐकलं, आणि खरंच काही ऐकू आलं नाही म्हणून त्यांना जास्तच वाईट वाटलं. "माझ्या हातात असतं तर..." त्यांनी खिशातून नियमांचा कागद काढून त्याच्यापुढं धरला. कंपनी मैदानांवरचे मोठे शो करणारी, कागदही तोच. दारू नको, छत्री नको, पेटती कांडी नको, खांद्यावर माणूस बसवून नाचायचं नाही. सूर्यकांत एकदा मित्राच्या पासवर असल्या शोला गेला होता. स्टेजपुढच्या खड्ड्यात पंचवीस फोटोग्राफर, तीन गाणी झाली की गुरं हाकलावीत तसे बाहेर. तिथं ठीक आहे. तिथं पहिल्याच गाण्याला सगळा तमाशा होऊन जातो. इथं तिसऱ्या गाण्याला बाईंचा गळा नुकता तापलेला असतो, आणि अण्णाचे हात मांडीत असतात. हे कुणाला सांगायचं? रघुपतींना माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं ते मुंबईला का कुठं बसले होते. "रघुपती सार, तनिला पाच मिनिटं. अण्णाचं शेवटचं आहे." "मला माहीत नाही का?" रघुपती म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरंच ओले झाले, आणि ते वायरी ओलांडत निघून गेले. ओले डोळे घेऊन काय करायचं आता?

आतल्या खोलीत अण्णा सतरंजीवर मडकं फिरवून फिरवून बघत होता. खोलीला पानकाचा वास, वेलदोड्याचा आणि गुळाचा. कोपऱ्यात नागराज, मृदंगमवाला, तोंडात पान धरून मृदंगाच्या चामडी वाद्या ठोकत होता. चाळिशीतला, अंगठ्या घातलेला, आता नावारूपाला आलेला. पोरगा होता तेव्हा अण्णानंच त्याला पहिल्यांदा कावेरीअम्मांपुढं नेऊन बसवलं होतं. अण्णाचा उजवा हात मडक्याच्या गळ्यावर होता आणि मातीवर त्याच्या नखांचा बारीक टकटक आवाज होत होता. अण्णानं डावा हात त्यावर ठेवला. "काय रे सूर्या, तोंड का असं?" सूर्यकांतनं मनगटावरचा पट्टा दाखवला. तीन गाणी, वर्णम धरून, मग कॅमेरा जमा. बोलताना त्याचा आवाज असा फुटला की नागराजनंसुद्धा मान वर केली. "बरं मग घरी काढू," तो घाईनं म्हणाला. "उद्या सकाळी. गच्चीवर उजेड छान असतो." "घरी नको," अण्णा म्हणाला. हे तो आधीही म्हणाला होता. "घरात मडकं घेऊन बसलेला म्हातारा कशाला? सगुणेला तो रोजच दिसतो. काढलास तर स्टेजवरचा काढ." मग मडकं आणखी एकदा फिरवून त्यानं विचारलं, "तीन म्हणजे तिसरं संपेपर्यंत ना?" "हो." "सरी, बरं," अण्णा म्हणाला. "बघू." आणि मडक्याला पुसायचं फडकं त्यानं चार घड्या करून मांडीखाली सरकवलं.

बघू काय? सूर्यकांत आपल्या ठरल्या जागी दोरीमागं जाऊन उभा राहिला, डाव्या हाताच्या भिंतीला लागून. पवित्रा राखाडी कापडी पिशवी घेऊन त्याच्या पाठीशी. चारचं ऊन वरच्या झडपांतून स्टेजवर तिरकं येत होतं. इथून अण्णा नागराजच्या आणि बाईंच्या मधल्या फटीतून दिसायचा, तेही बाई डावीकडं झुकल्या तर. फट केवढी? वीतभर. त्यानं डोळा लावून मोजली. पीण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत बत्तीस वर्षं तो हेच करत आला होता. लहानसा कारखाना, पितळी बुश करायचा, आणि सूर्यकांत तपासनीस. मायक्रोमीटरात धरायचं, केसाएवढा फरक असला की लाल खोक्यात. फोटोंचंही तेच. त्याचे स्वतःचे नियम होते, कुठल्या कंपनीनं घालून दिलेले नव्हेत. फ्लॅश नाही. समेवर हलायचं नाही. आणि कलाकार कॅमेऱ्याकडं बघत असला तर बोट हलवायचंच नाही. थांबायचं. तो आपल्याला विसरेल, नजर वळेल, मग दाबायचं. नजर भिडलेला फोटो म्हणजे लग्नातला फोटो, असं तो नव्या पोरांना शिकवायचा. भिडलेले सगळे त्यानं वर्षानुवर्षं लाल खोक्यात टाकले होते.

वर्णम सुरू झालं. अण्णाचे हात मांडीत, डावा उजव्यावर. लांबून बघणाऱ्याला वाटावं, किती शांत बसलाय माणूस. सूर्यकांतनं बाईंचे फोटो काढायला सुरुवात केली, कारण उभं राहून दुसरं करणार काय? बोटाला सवय होती. हात कानाशी गेला, दाबलं, हसल्या, दाबलं. आणि मधेच त्याला चामराजपेटच्या घराची पडवी आठवली. तीनचारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर आलेलं हे घराणं, घरात मराठी, दारात कानडी, आणि समोरच्या घरात मडकं वाजवणारे तमिळ मास्तर. वडिलांनी, आप्पाजींनी, दोन पोरांत एक घटम मागवलं. आधी चंद्र उगवला, मग सूर्य, असं आप्पाजी पाहुण्यांना सांगायचे. मास्तरांनी दोघांचे हात उलटे-सुलटे करून बघितले, आंबे बघावेत तसे. अण्णाची बोटं धरून म्हणाले, हा. सूर्यकांतची जाड बोटं सोडून म्हणाले, याला शाळा नीट शिकू दे. तो सात वर्षांचा होता. खोटं कशाला बोला, ते त्याच्या आत राहून गेलं होतं. पुढं पहिल्यांदा त्याचा फोटो पेपरात छापून यायचा होता, तेव्हा प्रिंटवर पट्टी ठेवून ब्लेडनं कडेची पट्टी त्यानंच कापली होती. बाई अधिक उठून दिसतात म्हणून. त्या पट्टीत अण्णा होता, आणि मान हलवून नागराजच्या आधीच्या मृदंगमवाल्यानं नुकतंच त्याला आत घेतलेलं होतं, हात वर उचललेले. एक कोपर मात्र राहून गेलं, आणि निगेटिव्हही पुढं गहाळ झाली. पेपर आला त्या सकाळी अण्णा कॉफी घेऊन पडवीत बसला होता. "हे कोपर माझं का रे?" असं म्हणून तो इतका हसला, इतका हसला, की कॉफी सांडली. ते कात्रण त्यानं अजून मडक्याच्या पिशवीत ठेवलंय. सूर्यकांतला ते बघवत नाही.

दुसरं गाणं. टाळ्या. हात मांडीतच. नागराज पुढं बघूनच वाजवत होता. "वन मोर, सर," पवित्रा कानाशी कुजबुजली, वाईट हेतूनं नव्हे. त्याला आठवण राहावी म्हणून. तिसरं गाणं, सभेच्या भाषेत कृती, त्याहून छोटं निघालं, भराभर जाणारं. नागराज, मान हलव रे बाबा, एकदा हलव. आज काय बिघडतं? पण नागराजला कुणी सांगणार, आणि त्यानं का ऐकावं? तिसऱ्याला घटम नाही, म्हणजे नाही. पहिलं कडवं गेलं. सूर्यकांतनं कॅमेरा खाली केला. आणि तेवढ्यात बाई डावीकडं झुकल्या, फट उघडली, आणि फटीतून अण्णा सरळ त्याच्याकडं बघत होता.

अण्णा स्टेजवरून कधी कुणाकडं बघत नसे. खाली बघायचा, मडक्याच्या गळ्यातल्या अंधारात बघावं तसा. आज मान वर, डोळे उघडे, केस चापून बसवलेले, आणि दोन्ही हात मांडीतून उचललेले. नागराजनं मान हलवली नव्हती. कुणीच हलवली नव्हती. अण्णाची बोटं मडक्यावर पडली. हळू, अगदी हळू, पण घटमचा आवाज लपत नाही. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं, ताल देणारा एक हात अधांतरी थांबला. चाळीस वर्षं ज्यानं कधी परवानगीशिवाय एक बोट उचललं नाही, तो माणूस सगळ्यांसमोर आगाऊपणा करत होता. आणि सूर्यकांतला लख्ख कळलं, हे आपल्यासाठी आहे. 'सरी, बघू' ते हे. कॅमेरा डोळ्याशी गेला. सगळं जागच्या जागी होतं! फट, ऊन, मडक्याचा गोल, दोन्ही हात, चेहरा. अण्णा कॅमेऱ्यात बघत होता. स्टुडिओत बसवलेल्या माणसासारखा, हनुवटी स्वल्प वर, बटण दाबायची वाट बघत. आणि सूर्यकांत थांबला. नजर वळू दे. फक्त नजर वळू दे, अण्णा, खाली बघ, मडक्याकडं बघ, एक क्षण. जाड बोट बटणावर होतं आणि ते एकतीस वर्षांच्या शिस्तीनं थांबलं. तो अण्णाची नजर वळायची वाट बघत होता. अण्णा त्याच्या बोटाची वाट बघत होता. किती वेळ? चार मात्रा? सहा? उजवा हात थरथरला, एक ठोका मागं पडला, लय घसरली. आणि नागराजनं मागं न बघताच डावा तळवा मृदंगावरून बोटभर उचलला. पुरे. अण्णाचे हात मांडीत गेले. नजर खाली वळली. सूर्यकांतचं बोट खाली गेलं ते तेव्हा.

त्यानंतर टाळ्या. त्यानंतर पवित्रानं पिशवीचं तोंड उघडून धरलं आणि सूर्यकांतनं कॅमेरा आत सोडला. तिनं तोंडाला प्लास्टिकची पट्टी ओढून घट्ट केली. "थँक यू, सर. जाताना कापून देते." ती त्याच्याकडं बघून आता नीट हसली, आपल्या आजोबांकडं बघून हसावं तशी, आणि त्याला वाटलं तिला सांगावं, की बाई गं, तुझा नियम काही आड आला नाही. तिसरं गाणं पुरेसं होतं. तुझ्या कंपनीनं दिलं होतं तेवढ्यात झालं असतं.

मुख्य गाणं पाऊण तास चाललं. त्याला त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्यानं रिकाम्या हातानं सगळीकडं बघितलं, आणि डोळा जिथं जाईल तिथं चौकट घालत होता, सवयीनं. बाईंच्या हाताभोवती चौकट, पंख्याभोवती चौकट. मग बाई थांबल्या, नागराजनं हात झाडले आणि तनि सुरू झालं. खुर्च्या वाजायला लागल्या. लोक उठले. रघुपती पाहुण्यांना घेऊन निघाले आणि त्यांनी दारातून त्याला खूण केली, कॉफीला या. सूर्यकांत उठला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो तनिला बसून राहिला. नागराज सुंदर वाजवत होता. ते कबूल केलं पाहिजे. पहिली फेरी संपवून तो मडक्याला जागा देणार, तो क्षण आला. सूर्यकांत पुढं सरकला. अण्णानं हात उचलले. नागराज थांबला नाही. तो त्याच ओघात दुसऱ्या फेरीत गेला, मग तिसऱ्या, आणि अण्णाचे उचललेले हात हवेत होते तसेच खाली आले, डावा उजव्यावर, आणि तिथंच राहिले. नागराजनं एकट्यानं वाजवलं, एकट्यानं शेवट केला. शिक्षा होती का दया होती? घसरलेल्या ठोक्याचा राग होता, का घसरायला नको पुन्हा लोकांपुढं, असं होतं? नागराजच्या पाठीवरून काही कळत नव्हतं. सूर्यकांतला ओरडावंसं वाटलं. ओरडला नाही. कागदावर ओरडू नये असंही लिहिलं असणार. शेवटच्या मंगलमला अण्णानं सगळ्यांबरोबर चार बोटं वाजवली, आणि झालं. चाळीस वर्षं संपली.

दारात पवित्रानं कात्रीनं पट्टी कापली. मनगटावरचा केशरी पट्टा त्यानं स्वतःच ओढून तोडला. बाहेर अजून उजेड होता, प्रसादाच्या कोसंबरीचे, भिजल्या डाळीचे, रिकामे द्रोण पायाखाली येत होते, आणि अण्णा मडक्याची पिशवी छातीशी धरून ऑटोत चढून बसलाही होता. कावेरीअम्मांनी दिलेली शाल गळ्यात. चेहरा उतरलेला असेल असं वाटलं होतं, तसा तो नव्हता. उलट काहीतरी खोडी करून आलेल्या पोरासारखा दिसत होता. ऑटो निघाला. बसवनगुडीतून चामराजपेट, पंधरा मिनिटं. सूर्यकांत कॅमेऱ्याची पिशवी पायात धरून रस्त्याकडं बघत बसला.

"नागराजनं सांभाळून घेतलं बघ," अण्णा म्हणाला. "मोठा झालाय पोरगा."

सूर्यकांतनं हं म्हटलं.

"शिव्या घातल्या असतील मनात. घालू दे. मी म्हटलं, एवढी वर्षं मान हलायची वाट बघितली, एक दिवस नाही बघितली तर काय होतंय?" तो खुदखुदला. मांडीवरच्या मडक्यावर त्याचा उजवा हात आपोआप टकटक करत होता, कापडातून दबलेला आवाज, आणि आता त्यानं त्यावर डावा हात ठेवला नाही. "आलं का रे?"

पुढं सिग्नल होता. ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं आणि सगळं एकदम गप्प झालं. सांगावं. आत्ता सांगावं, अण्णा, मी दाबलंच नाही, तू माझ्याकडं बघत होतास म्हणून. बत्तीस वर्षं बुश मोजले त्या हातानं तुला लाल खोक्यात टाकलं. कॅमेऱ्याच्या कार्डात बाईंचे एकशे त्रेसष्ट आहेत आणि तुझा एक, हात मांडीत घातलेला. त्याचं तोंड उघडलंही.

"आलं," तो म्हणाला.

"आता नको दाखवू. चष्मा नाही. घरी सगुणेला दाखव आधी. दारात बसली असेल ती." अण्णानं शालीनं कपाळ पुसलं. सिग्नल सुटला. मग बऱ्याच वेळानं, दुसरीकडं बघत, लहान पोरानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "नुसतं कोपर नाही ना?"

"नाही अण्णा. पूर्ण आलायस तू."

अण्णा हसला. रस्त्यात खड्डा आला तसं त्यानं मडकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि ऑटोवाल्याला ओरडून सांगितलं, "स्वल्प निधान, सार! मडकं आहे." जरा हळू एवढं कानडीत, पण मडकं मराठीत. ऑटोवाल्याला काय कळायचं ते कळलं, त्यानं वेग कमी केला. समोर चामराजपेटची पहिली कमान दिसायला लागली होती. सूर्यकांतनं पुढं वाकून दांडी धरली, आणि त्याला वाटलं, आणखी हळू. आणखी हळू चालव रे बाबा.